मतदानाआधी वडीलपद सोडू का?

पत्र थोडक्यात : निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात प्रेसबिटेरियन या ख्रिस्ती परंपरेतली तीसेक कुटुंबांची लहान मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, आहे आणि उपासना पहिल्यापासून मराठीत होते. मंडळीचा कारभार पाहायला सभासदांनी निवडलेले पाच वडील आहेत. गेल्या वर्षी बाई त्यांच्यात निवडून आल्या. या मंडळीत बाईमाणूस वडील होण्याची ही पहिलीच वेळ.

वर्षभरापूर्वी नवे पाळक (पाद्री) आले. तरुण जोडप्यांना आणि मुलांना मराठी वाचता येत नाही हे पाहून त्यांनी शास्त्रवाचन मराठीपाठोपाठ कन्नडमध्येही सुरू केलं आणि दर रविवारी एक कन्नड गीत घेऊ लागले. जुन्या घरांनी हरकत घेतली, त्यातल्या दोन घरांनी चर्चला द्यायचं अर्पण थांबवलं. पुढच्या महिन्यात वडिलांच्या सभेत ठराव आहे : कन्नड चालू ठेवायची की बंद करायची. दोन वडील इकडे, दोन तिकडे, उरलेलं मत बाईंचं. विरोधाची बाजू मांडणारे वडील म्हणजे त्यांचे थोरले दीर. चर्चची घंटा सासऱ्यांनी दिलेली. सून धारवाडकडची, ‘ती तासभर नुसती बसून असते.’ यजमान म्हणतात, ‘कशाला पुढं पुढं करतीस, राजीनामा दे आणि मोकळी हो.’ बाई विचारतात : ‘कन्नडला हात वर केला तर घर फुटतं, मराठीला केला तर सून-नातवंडं चर्चमधून जातात. मतदानाआधीच वडीलपद सोडलं तर दोन्ही वाचेल का?’

ताई, सलाम.

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष त्यातच अडकून राहील. राजीनामा देऊ नका. निदान या महिन्यात तरी नको.

तुम्ही उठून गेलात की सभेत उरतात दोन विरुद्ध दोन. तुमच्या मंडळीच्या नियमांत सभेच्या अध्यक्षांना, म्हणजे पाळकांना, निर्णायक मत असेल, तर सगळा भार पाळकांवर येईल. नसेल, तर ठराव लोंबकळत राहील आणि दर रविवारी उपासना संपल्यावर व्हरांड्यात त्याचीच चर्चा चालेल. दोन्ही वेळा सापडणार पाळक. ते गावात नवे, त्यांच्या बाजूनं बोलायला त्यांचे भाऊबंद नाहीत. तुमचं घर वाचेल असं तुम्हाला वाटतं, पण तेही मला पटत नाही. दीर म्हणतील, ऐन वेळी पळ काढला. सून म्हणेल, माझ्यासाठी सासूबाईंना एक हात वर करता आला नाही. तोंडावर कुणी बोलणार नाही हे खरं, पण न बोललेलं घरात जास्त दिवस टिकतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. तुमच्या जागी पुरुष वडील असते आणि विरोधात त्यांचा सख्खा भाऊ असता, तर त्यांनी हा प्रश्न लिहून पाठवला असता का? भावाभावांत मतभेद झाले तर त्याला आपण ‘तत्त्वाचा प्रश्न’ म्हणतो. भावजयीनं वेगळं मत दिलं की घर फुटतं. तुम्ही तिथल्या पहिल्या बाई वडील आहात. तुम्ही अशा कारणानं उठलात, तर पुढच्या निवडणुकीत कुठल्याही बाईचं नाव सुचलं की लोक तुमचं उदाहरण देतील.

आता थोडं तुमच्या पंथाच्या रचनेविषयी. हे तुम्हाला माहीत आहे, पण हा मजकूर इतर वाचकही वाचतात. प्रेसबिटेरियन मंडळीत बिशप नसतो आणि पाळकांनाही एकट्यानं हुकूम काढता येत नाही. सभासदांनी निवडलेले वडील पाळकांबरोबर बसून निर्णय घेतात. त्यांना जमलं नाही तर प्रश्न आसपासच्या मंडळ्यांच्या वरच्या सभेकडे जातो. सोळाव्या शतकात जिनिव्हात आणि मग स्कॉटलंडमध्ये ही घडी बसली, आणि माझ्या मते ती बसवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. माणसं भांडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. १६४० च्या दशकात लंडनला तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर कन्फेशनमध्ये, म्हणजे प्रेसबिटेरियनांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, तर स्पष्ट लिहिलं आहे की प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) काळानंतरच्या कुठल्याही धर्मसभेच्या हातून चूक होऊ शकते आणि पुष्कळांच्या हातून झालेलीही आहे. एवढ्या मोठमोठ्या सभांना ही मुभा असेल, तर तुमच्या पाच जणांच्या सभेनं एखादी गोष्ट करून पाहावी, चुकली तर दुरुस्त करावी. त्यात भिण्यासारखं काय आहे?

मला खरी अडचण तुमच्या मतात दिसत नाही, ठरावात दिसते. ‘चालू की बंद’ असा ठराव आला की कुणीतरी हरणारच, आणि तीस घरांच्या गावात हरलेला माणूस रोज समोर भेटतो.

त्याहीआधी एक. पत्रात दीर काय म्हणतात ते आहे, पाळक काय म्हणतात ते आहे, यजमानांचं वाक्य तर शब्दशः आहे. सुनेच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ती ‘नुसती बसून असते’ हे तुम्ही पाहिलंत. का बसून असते, हे तिला विचारलंत का? तिला भाषा कळत नसेल. किंवा भाषा बरीच कळत असेल, पण हातातलं गीतपुस्तक देवनागरीत असल्यानं ओठ हलवता येत नसतील. किंवा उपासना संपल्यावर बायका आपापसात बोलत घरी जातात आणि तिच्याशी ‘जेवलीस का’ यापलीकडे कुणी बोलत नसेल. या तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत, आणि तिसऱ्यावर कुठलाही ठराव चालत नाही. तिच्या नावानं सगळी मंडळी भांडते आहे, आणि ती कदाचित म्हणेल, ‘अत्ते, मला माझ्या माहेरचं एक गीत म्हणायला मिळालं तर पुरे.’

माहेरावरून सांगते. धारवाडला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेचं काम १८३७ पासूनचं. त्याच मिशनच्या फर्डिनांड किट्टेल यांनी तयार केलेला कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळुरात निघाला, आणि कन्नड अभ्यासक तो आजही उघडतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजूला लोक कन्नडमध्ये प्रार्थना करत आले आहेत. आपल्या भागात कन्नड म्हटलं की डोळ्यांसमोर तहसीलदार कचेरी येते. तुमच्या सुनेच्या डोळ्यांसमोर तिची आजी गुडघे टेकून बसलेली येत असेल. दिरांना हे कुणी सांगितलेलं नसावं.

आता दिरांकडे वळू. पत्रात तुम्ही त्यांना ‘हट्टी’ म्हटलं आहे. असतीलही. पण त्यांच्या वयाच्या मराठी माणसानं या जिल्ह्यात काय काय पाहिलं आहे ते आठवा. १९५६ ची राज्य पुनर्रचना, मग सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी. शेताचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, बँकेचा फॉर्म भरायला नातवाला बरोबर न्यायचं. आठवडाभर असं वावरलेल्या माणसाला रविवारचा तो एक तास तेवढा आपला वाटतो. तिथंही कन्नड गीत सुरू झालं तर त्यांना ते आणखी एक पाटी बदलल्यासारखं वाटत असणार. शिवाय त्यांच्या हातातून जातं आहे असं त्यांना वाटतं ते काही हलकं नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून या बाजूच्या प्रेसबिटेरियन मंडळ्या मराठीत वाढल्या. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते वारले. मधल्या काळात त्यांनी अभंगाच्या वळणाची जी भजनं रचली, ती पेटी-तबल्यावर म्हणत तुमच्या दिरांसारखी माणसं लहानाची मोठी झाली. ती भजनं म्हणणारं पुढं कुणी उरणार नाही, ही भीती खोटी नाही.

त्यांचा इलाज मात्र मला चुकीचा वाटतो. कन्नड गीत बंद केल्यानं नातवाला मराठी वाचता येणार नाही. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीची आहे, आणि पुष्कळ घरांनी इंग्रजी किंवा कन्नड माध्यम स्वतःहून निवडलं आहे. यात सरकार आलं तसे आपणही आलो. मुलं देवनागरीपासून लांब गेली ती शाळेच्या बाकावर, चर्चच्या बाकावर नव्हे. मग ती जवळ आणायची कुठं? तर चर्चमध्येच आणता येतील, कारण दर आठवड्याला मुलं एकत्र सापडतात अशी दुसरी जागा गावात नाही. संडे स्कूलनंतर अर्धा तास मराठी वाचन आणि भजनं. शिकवायला तुमचे दीर. ते नाही म्हणाले तर शिक्षिका तुम्ही आहातच, पण आधी त्यांना विचारा. पेटी ते वाजवतात असं तुम्हीच लिहिलं आहे.

दोन्ही बाजू बायबल काढून बसतील, म्हणून सांगून ठेवते. वर ज्या कन्फेशनचा उल्लेख केला, त्यातच म्हटलं आहे की मोठ्यानं करायची प्रार्थना कळणाऱ्या भाषेत असावी आणि शास्त्र लोकांच्या बोलीत आणलं जावं. त्याला आधार प्रेषित पौलाच्या पत्राचा : अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून उच्चारलेले पाच शब्द बरे (१ करिंथ १४). पाळकांच्या बाजूचे लोक हे वचन सुनेसाठी वापरतील, आणि ते बरोबर आहे. पण तेच वचन काठी टेकत येणाऱ्या, बाजारातल्या हिशेबापलीकडे कन्नड न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही तेवढंच लागू आहे. तिला कळेल अशी उपासना हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. म्हणून ‘आता कन्नडच’ असं कुणी म्हणालं, तर तेही तुम्ही मान्य करू नये.

भाषेचं भांडण चर्चला नवीन नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही ते झालं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा काढून वाचा. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी भाषेवर मत घेतलं नाही. ताटावरून कोण उपाशी उठतं एवढंच पाहिलं आणि मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचा. सगळी ग्रीक आहेत. ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच हाती वाढप दिलं गेलं.

तुमच्या मंडळीत हे कसं करता येईल, ते सांगते.

सभेला अजून महिना आहे आणि घरं तीस आहेत. पाळक आणि दोन्ही बाजूंचा एकेक वडील, असे तिघांनी मिळून प्रत्येक घरी जावं. मतं गोळा करायला जाऊ नका. मत विचारलं की माणूस तोंडातून जे निघेल त्याला चिकटून बसतो. साध्या गोष्टी विचारा. घरात आजारपण आलं तर प्रार्थना कुठल्या भाषेत करता? कोण कुठली लिपी वाचतं? तुमच्या दफनाच्या वेळी कुठलं गीत म्हटलेलं आवडेल? या शेवटच्या प्रश्नाला मराठी घरांतून मराठी गीतं येतील यात शंका नाही, पण कन्नड बोलणाऱ्या घरांतूनही एखाददुसरं मराठी भजन येण्याची शक्यता आहे. आलं तर दिरांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकावं, म्हणून त्यांच्या बाजूचा माणूस बरोबर हवा. उत्तरं वहीत लिहा. सभेत ती वही आधी वाचायची, मग ठराव.

‘चालू की बंद’ या ठरावाला दुरुस्ती सुचवण्याचा हक्क वडील म्हणून तुम्हाला आहे, आणि तो वापरा. ‘तीन महिने अमुक पद्धतीनं उपासना घेऊन पाहावी, मग पुन्हा बसावं,’ अशी दुरुस्ती ठरावाआधी लेखी द्या. दोन विरुद्ध दोनची कोंडी अशीच सुटते. तिसरा रस्ता दिसला की कुणाला शब्द मागे घेतल्यासारखं वाटत नाही.

ती पद्धत काय असावी? दोन वेगळ्या उपासना करा असं कुणीतरी सुचवेलच. बेळगाव किंवा हुबळीसारख्या शहरात ते चालतं. तीस घरांत नको. पाळक एक, पेटीवाला एक, चटया उचलणारी माणसं तीच. दोन वर्षांत दोन मंडळ्या होतील आणि दोन्ही अशक्त राहतील. प्रवचनाचं वाक्यागणिक भाषांतरही नको. वीस मिनिटांचं प्रवचन चाळीस मिनिटांचं होतं आणि धागा दोन्हीकडच्यांचा तुटतो. मला बरं वाटतं ते असं : उपासना एकच. शास्त्रवाचन दोन्ही भाषांत. प्रवचन मराठीत, पण सुरुवातीला पाच मिनिटं त्याचा सारांश कन्नडमध्ये. सारांश शेवटी ठेवू नका, कारण पुढं काय बोलणार हे आधी कळलं तर परकी भाषाही बरीच पोचते. महिन्यातून एका रविवारी याच्या उलट. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत, पण एकाच वेळी म्हणावी. पहिल्या रविवारी गलका वाटेल, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लय जुळते. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला देतानाचे शब्द मात्र दोन्ही भाषांत असू द्या. तिथं कुणी बाहेरचं वाटता कामा नये, आणि तिथं वेळ वाचवण्याची घाईही नको.

गीतांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अर्धं भांडण तिथंच मिटण्यासारखं आहे. मराठी गीतं कन्नड लिपीत छापा. गाणं तेच, चाल तीच, भाषा मराठीच. फक्त अक्षरं सुनेला आणि नातवंडांना वाचता येतील अशी. कन्नड गीत देवनागरीत छापा, म्हणजे दिरांनाही ते म्हणता येईल, म्हणायचं नसेल तर निदान काय चाललं आहे ते कळेल. लिपी बदलायचं काम आता फोनवर होतं, पण तसंच छापू नका, आधी कुणाकडून तरी तपासून घ्या. कन्नड वाचणारा शब्दाच्या शेवटचा अ पूर्ण उच्चारतो, म्हणून ‘देव’ लिहिलं तर तो ‘देवऽ’ म्हणेल. भजनात तो अ पुष्कळदा लांबवतातच, तिथं बिघडत नाही. जिथं तोडायचा तिथं हलंत चिन्ह द्यावं लागतं. ‘चांगला’मधला च आणि ‘माझा’मधला झ कन्नड लिपीत वेगळे दाखवता येत नाहीत, त्याखाली पेनानं टिंब द्या आणि एकदा म्हणून दाखवा. ळ ची चिंता नको, तो त्यांच्याकडेही आहे. सुरुवातीला सगळं पुस्तक नको, नेहमीची दहा-बारा गीतं पुरेत. हे काम सून आणि दीर यांनी एका टेबलाशी बसून केलं तर उत्तम, पण तसा हट्ट धरू नका. वेगवेगळं बसून केलं तरी पानं तीच निघतील.

तारखांबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. सभा किंवा नव्या पद्धतीची सुरुवात १ नोव्हेंबरच्या आसपास नको. त्या दिवशी बेळगावात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिवस, आणि चर्चमधल्या कुठल्याही शब्दाला बाहेरचा अर्थ चिकटतो. आणि तीन महिन्यांनंतरचा आढावा नाताळात ठेवू नका. नाताळाला पुण्या-मुंबईहून आणि बेंगळुरूहून आलेली मंडळी एका रविवारात सगळ्या गावाला शहाणपण शिकवून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जातात. निर्णय त्यांचा नाही, वर्षभर बाक पुसणाऱ्यांचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा विषय बंद, हे पाळकांनीच जाहीर करावं.

अर्पण थांबवलेल्या दोन घरांबद्दल : कुणाच्याही नावाचा उल्लेख करू नका, मागायला जाऊ नका, टोमणाही नको. खजिनदारांनी नेहमीसारखा महिन्याचा हिशेब वाचावा, बस्स. पैसे थांबवून मत मिळतं असं एकदा ठरलं की पुढं प्रत्येक प्रश्नात पाकीट मध्ये येईल, म्हणून सभेत त्या धमकीचा विचारच करायचा नाही. माणसं मात्र सोडू नका. त्या घरांतही तशाच भेटी द्या, जशा बाकीच्यांकडे देता.

आता दिरांशी बोलणं. हे तुम्हालाच करावं लागेल आणि सभेआधी. चर्चच्या आवारात नको, फोनवर नको. त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, यजमानांना घेऊन. यजमान काही बोलणार नाहीत हे धरून चला, पण ते शेजारी बसलेले हवेत. मत काय देणार ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, लपवून ठेवून गोड बोलणं त्यांना लगेच कळेल. असं काही : ‘भावजी, मी ठरावाला दुरुस्ती देणार आहे. तुम्हाला सभेत ऐकायला लागू नये म्हणून आधी सांगायला आले. मराठी काढायची नाही. पण पोरं वाचत नाहीत, त्यांचं काय करायचं, ते तुम्ही सांगा.’ मग गप्प बसा. ते घंटेची गोष्ट काढतील. काढू द्या. सासऱ्यांनी ती घंटा मंडळीला दिली होती, मराठी घरांना नव्हे, हे तुमच्या ओठांवर येईल. त्या दिवशी ते बोलू नका. खरं असलं तरी वडिलांच्या आठवणीत बुडालेल्या माणसाला ते टोचेल, आणि तुमचं काम त्याशिवायही होतं. ते चिडले तर चहा पिऊन उठा, आणि दोन दिवसांनी जाऊबाईंशी बोला. आपल्याकडे थोरल्यांची समजूत बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून निघते. ते मला फारसं आवडत नाही, पण तो रस्ता उघडा आहे तर वापरावा.

सभेत बसल्यावर पहिल्यांदा स्वतःहून सांगा की यातले एक वडील माझे दीर आहेत आणि या प्रश्नाचा माझ्या सुनेशीही संबंध आहे, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. मग पाठीमागे बोलायला कुणाला काही उरत नाही. गरमागरमी झाली तर शेजारच्या गावातल्या मंडळीतले दोन जुने वडील सल्ल्याला बोलवावेत असं सुचवा. पाळकांना वरच्या सभेकडेही लिहिता येतं. घरचं भांडण बाहेर नेलं असं त्याला कुणी म्हणू नये, तुमच्या रचनेत त्यासाठीच ती पायरी आहे.

राजीनामा केव्हा योग्य? सभेनं जे ठरवलं ते मी पाळू शकणार नाही, असं तुमचं मन आधीपासूनच सांगत असेल तर. मग मात्र सभेपूर्वी द्या. ठराव विरुद्ध गेल्यावर रागानं देऊ नका. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तुम्ही दोन्हीकडची माणसं मोजत बसल्या आहात, आणि पाचव्या खुर्चीवर अशीच बाई हवी.

तुमच्यासारखी पत्रं मला खानापुरातून आणि हुकेरीकडूनही येतात. ती सगळी चर्चबद्दलची नसतात; भजनी मंडळाबद्दल असतात, वाचनालयाबद्दल असतात, एका ठिकाणी तर लग्नाच्या पंगतीत सूचना कुठल्या भाषेत द्यायच्या यावर भाऊ-भाऊ बोलेनासे झाले होते. त्यांनाही माझं सांगणं एवढंच आहे की मत घेण्याआधी घरोघरी जाऊन विचारा, आणि ज्याच्या नावानं भांडण चाललं आहे त्याला सगळ्यांत आधी विचारा.

तुमची दुरुस्ती पडली आणि ‘कन्नड बंद’ असा निर्णय झाला, तर तो पाळा. विरोधात दिलेलं मत नावानिशी नोंदवून घ्या आणि किती महिन्यांनी हा विषय पुन्हा आणता येईल तेही त्याच बैठकीत लिहून घ्या. संडे स्कूलनंतरचा मराठीचा अर्धा तास तरीही सुरू करा, त्याला कुणाचाच विरोध नसेल. आणि गीतांची कन्नड लिपीतली पानं घरात वापरायला तर कुठलाच ठराव लागत नाही. येत्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर सुनेला बसवून पहिली दोन गीतं उतरवून घ्या.